तीन झोपांचं रेशीम

प्रणिता लग्नाआधीपासून मुंबईतल्या एका वस्तुसंग्रहालयात जुनी वस्त्रं वाचवायचं काम करायची. कसर लागलेली शाल, जर काळी पडलेला पैठणीचा पदर, बोट लावलं की पीठ होणारा रेशमी शेला, असलं काही आलं की ते तिच्या टेबलावर यायचं. मग भिंग आणि बारीक वाकडी सुई घेऊन ती महिनोन्‌महिने त्याच्यावर ओणवलेली असायची. नवरा विश्वजित एका व्यापारी कंपनीत होता. कंपनीने त्याला टोकियोच्या ऑफिसात पाठवलं, तेव्हा प्रणिताने नोकरी सोडली आणि बालवाडीतल्या अक्षयाला घेऊन तीही टोकियोजवळच्या इचिकावाला राहायला आली.

तिथे ती अक्षयाची आई झाली. कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा ते शिकली, जपानीच्या वर्गाला गेली, बऱ्यापैकी बोलायला लागली. २०११ च्या मार्चमध्ये भूकंप झाला तेव्हा कंपनीने बायकामुलांना काही महिने मायदेशी पाठवलं. परत आल्यावर अक्षया शाळेत रमली आणि मराठीत विचारलेल्याला जपानीत उत्तरं द्यायला लागली. प्रणिताला मात्र आपले हात रिकामे आहेत असं वाटत राहायचं.

पुढच्या वसंतात ती उएनोला एक व्याख्यान ऐकायला गेली. विषय होता, त्सुनामीत बुडालेल्या संग्रहालयांतल्या वस्तूंचं पुढे काय झालं. पडद्यावर उत्तरेकडच्या इवाते प्रांताच्या डोंगरातली एक बंद पडलेली शाळा दाखवली. वर्गावर्गांतून पाण्याचे हौद मांडले होते आणि माणसं चिखलाने भरलेल्या वस्तू धूत होती. शेवटी वक्त्याने सांगितलं की तिथे हात कमी पडताहेत. घरी येऊन तिने विश्वजितला एवढंच विचारलं, की मेच्या सुट्टीत अक्षयाला तू सांभाळशील का. तो हो म्हणाला.

ती शाळा ओइकावा नावाच्या गृहस्थांच्या हवाली होती, सगळे त्यांना आदराने ओइकावा-सान म्हणायचे. खालच्या किनाऱ्यावरच्या एका गावाच्या संग्रहालयात ते नोकरीला होते. त्सुनामीच्या दिवशी ते डोंगरातले जुने शिलालेख बघायला गेले होते म्हणून वाचले. संग्रहालय वाहून गेलं आणि त्यांचे सहकारीही गेले. खरं तर त्यांचा अभ्यास शंखशिंपल्यांचा. पण आता तलवारी, पेंढा भरलेले पक्षी, शेतीची अवजारं, सगळंच त्यांच्या गळ्यात आलं होतं. बोलायचे फार कमी. प्रणिताचं पूर्वीचं काम काय होतं हे कळल्यावर त्यांनी तिला हौदावरून उठवलं आणि शाळेच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे एका मोठ्या शीतपेटीत कापडं ठेवली होती, बुरशी लागू नये म्हणून. त्यातलं एक त्यांनी दोन्ही हातांनी बाहेर काढलं आणि टेबलावर उलगडलं.

ते नवरीचं उचिकाके होतं. जपानी लग्नात किमोनोवरून घालायचं, जमिनीवर लोळणारं जड रेशमी वस्त्र. लाल रेशमावर उडणारे बगळे भरलेले, आणि बगळ्यांच्या पंखांना सोनेरी धागा. किनाऱ्यावरच्या एका छोट्या वस्तीचं ते सामाईक वस्त्र होतं. कोळ्यांची वस्ती, प्रत्येक घराला असलं वस्त्र कुठून परवडणार? म्हणून कधीतरी पणजोबांच्या काळात सगळ्यांनी मिळून एक घेतलं होतं. देवळाच्या कोठीत ते असायचं आणि वस्तीत येणारी प्रत्येक सून तेच अंगावर घालून यायची. लाटेने कोठी नेली. वस्त्र पेटीसकट वरच्या भातखाचरात सापडलं.

प्रणिताने दिवा जवळ ओढला. खाऱ्या पाण्यात लाल रंग सुटून बगळ्यांच्या पांढऱ्या अंगावर उतरला होता. सोनेरी धाग्यावरचा वर्ख पापुद्र्यांनी उचलला गेला होता. सगळ्यात वाईट होतं ते मूळ रेशीम. त्याला आडव्याउभ्या भेगा गेल्या होत्या, आणि कितीतरी ठिकाणी कापड असं उरलंच नव्हतं, नुसत्या भरतकामाच्या टाक्यांनी ते एकमेकांना धरून होतं.

ओइकावा-सान म्हणाले, “वस्तीतल्या बायका येऊन विचारतात. काय सांगू त्यांना?”

तिने सांगितलं की मीठ काढता येईल, चिखल काढता येईल. पण पुढे हे कापड स्वतःच्या वजनाने फाटत जाईल. ते वाचवायचा एकच मार्ग तिला माहीत होता. अतिशय पातळ, आरपार दिसणारं रेशीम त्याच रंगात रंगवून वर अंथरायचं आणि अदृश्य टाक्यांनी खालच्या कापडाला धरून ठेवायचं. म्हणजे जुन्याचा भार नवं पेलतं. मुंबईला त्यासाठी परदेशातून जाळीदार रेशीम यायचं आणि ते तिथल्या सगळ्याजणी वीतवीत पुरवून वापरायच्या. पण त्या जाळीखाली हे सोनं मळकट दिसेल, हे तिला बघताक्षणी कळलं होतं. खोटी आशा नको म्हणून तिने तेही सांगून टाकलं.

इचिकावाला परतल्यावर जेवताना तिने हे सगळं विश्वजितला ऐकवलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना त्याने एक पाकीट आणलं. प्रणिताने उघडून बघितलं आणि आत काही नाही म्हणाली. विश्वजितने दिव्याखाली बोट घालून त्यातून एक चौकोन बाहेर ओढला. रेशीम होतं. वर्तमानपत्रावर ठेवलं तर खालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. फुंकर मारली तर ते उठलं आणि खाली यायला इतका वेळ लागला की अक्षया जेवण सोडून बघायला आली.

हे फुकुशिमाच्या एका गावातल्या गिरणीचं कापड होतं. तो सारा मुलूख पूर्वीपासून रेशमाचा. विश्वजितची कंपनी हे कापड युरोपातल्या गिऱ्हाइकांना विकायची, ओढण्या आणि लग्नाच्या पोशाखांसाठी. अणुभट्टीच्या अपघातानंतर त्या गिऱ्हाइकांनी एकेक करून माल नको म्हणून कळवलं. तपासणीत कापड स्वच्छ निघत होतं, तरी फुकुशिमा हे नाव वाचलं की समोरचा गप्प व्हायचा. ते निरोप गिरणीला पोचवायचं काम विश्वजितकडे होतं, आणि त्या कामाचा त्याला वीट आला होता.

जूनमध्ये दोघं अक्षयाला घेऊन तिकडे गेली. गिरणी म्हणजे लांबट बैठी इमारत होती, मागे तुतीचं रान. मालक भले गृहस्थ होते, पण थकलेले. त्यांनी सगळं कन्नो-सानच्या हाती सोपवलं आणि चहा सांगायला गेले.

कन्नो हिसाए पन्नाशी उलटलेल्या होत्या. बुटक्या, केस रुमालात घट्ट बांधलेले. शाळा संपल्यापासून त्या याच गिरणीत होत्या. कापडाला हात लावायच्या आधी त्या अंगठा बाकीच्या चारी बोटांवरून फिरवायच्या, कुठे चामडी निघालेली नाही ना ते बघायला. एवढंसं साल निघालेलं असलं तरी या रेशमात ते अडकतं आणि धागा निघतो. प्रणितालाही तीच सवय होती, मुंबईच्या टेबलावरची. दोघींनी एकमेकींची बोटं बघितली आणि दोघींना हसू आलं.

गिरणीतलं पातळ रेशीम घेऊन प्रणिता इवातेच्या शाळेत गेली आणि एका बगळ्यावर ते अंथरून बघितलं. परदेशी जाळीपेक्षा कितीतरी चांगलं. पण बाजूने उजेड आला की बगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखी दिसायची. ओइकावा-सानना ते चालण्यासारखं वाटलं. प्रणिताला नाही. तिने कन्नो-सानना फोन केला आणि भीत भीत विचारलं, की याहून पातळ होतं का.

कन्नो-सान म्हणाल्या, “होतं. पण त्याला तीन झोपांचं रेशीम लागतं.”

प्रणिताला अर्थ लागला नाही, म्हणून ती पुन्हा गिरणीत गेली आणि कन्नो-साननी तिला नीट समजावलं. रेशमाची अळी कोष करण्याआधी चार वेळा झोपते. प्रत्येक झोपेत कात टाकते आणि आधीपेक्षा मोठी होऊन उठते. तिसऱ्याच झोपेनंतर तिला कोष करायला लावला, तर अळी लहानखुरी राहते, कोष बोराएवढा होतो आणि त्यातून निघणारा धागा नेहमीच्या धाग्याहून कितीतरी बारीक असतो. असे कोष करून घेणारे थोडे, कारण मेहनत तेवढीच आणि रेशीम कमी. भूकंपाआधी गिरणीने एकदा हौसेने असं सूत आणवलं होतं. ते कपाटात तसंच पडून होतं. त्याचं कापड होईल की नाही याचीच कोणाला खात्री नव्हती.

मालक म्हणाले की मागणी नसताना एवढा खटाटोप कशाला. कन्नो-सान म्हणाल्या, माग तर उभेच आहेत. आणि वळून प्रणिताला म्हणाल्या, “वर्षभर मी विणलेलं परत येतंय. एकदा तरी न परत येणारं कापड विणायचं आहे.”

ते कापड विणताना बघायला मिळालं हे आपलं भाग्य, असं प्रणिता नंतर नेहमी म्हणायची. भूकंपात मागाचा पाया तसूभर हलला होता. साध्या कापडाला तेवढं चाललं असतं, या सुताला नाही. कन्नो-साननी आधी पाणसळ लावून माग पुन्हा समपातळीत आणला. मग ताणा, म्हणजे उभे धागे, भरायला घेतला. हजारो धागे, एकेक करून फणीच्या दातांतून ओढायचे, आणि ते धागे असे की डोळ्यांना दिसतच नव्हते. त्या चेहरा एका बाजूला कलता धरायच्या, खिडकीचा उजेड धाग्यावर आला की तेवढ्यात बोट पुढे करायच्या. बाकीचं सगळं स्पर्शाने. हवा कोरडी झाली की धागा तुटायचा, म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलेलं असायचं. दार उघडताना लोक आधी टकटक करायचे, झुळकेने सूत हलू नये म्हणून.

तुटायचे तरीही. पहिल्या आठवड्यात विणण्यापेक्षा सांधण्यातच वेळ गेला. प्रणिताला कन्नो-सान एकदाही चिडलेल्या दिसल्या नाहीत. माग थांबवायच्या, दोन टोकं बोटांच्या चिमटीत घ्यायच्या, काहीतरी व्हायचं आणि धागा अखंड असायचा. प्रणिताने ती गाठ भिंगातून शोधली, पण तिला ती सापडली नाही. स्वतःच्या टाक्यांचा तिला थोडा अभिमान होता. त्या दिवशी तो तिने मनातल्या मनात कन्नो-सानच्या पायाशी ठेवला, आणि त्यात तिला कमीपणा वाटला नाही, उलट बरंच वाटलं. जगात कोणीतरी हे इतकं चांगलं करू शकतं, हे बघण्यातच एक सुख होतं.

दुपारच्या डब्याच्या वेळी कन्नो-सान घराबद्दल थोडंफार बोलायच्या. त्याच गावाच्या डोंगराकडच्या भागात त्यांचं घर होतं. किरणोत्सर्गामुळे तो भाग रिकामा करायला लावला होता. त्या आणि नवरा पत्र्याच्या तात्पुरत्या घरात राहत होते आणि तिथून त्या रोज सायकलने गिरणीत यायच्या. आपलं घर बघायला परवानगी घेऊन जावं लागायचं. हे सगळं त्या हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगायच्या.

शरद ऋतूत कापड मागावरून उतरलं. लांबी फार नव्हती, पण उचिकाकेला पुरेल एवढी होती. प्रणिताने ते हातावर घेतलं तर हातावर काही आहे असं वाटेना. धुक्याचा रंग असतो तसा त्याचा रंग होता.

आणि मग ओइकावा-सानचा फोन आला. ते इतके आढेवेढे घेत होते की प्रणिताला आधी वाटलं आपलं जपानी कमी पडतंय. वस्तीच्या बैठकीत हा विषय निघाला होता. कापड कुठलं, हे कोणीतरी विचारलं आणि ओइकावा-साननी सांगितलं. त्यावर कोणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. शिवाय कुमागाई आजी म्हणून वस्तीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी साफ सांगितलं होतं की वर काही घालू नका. माणूस गेलं की त्याच्या तोंडावर पांढरं फडकं घालतात. लाट आली त्या वसंतात, प्रेतं ठेवलेल्या व्यायामशाळेत त्यांनी अशी फडकी खूप उचलून बघितली होती. त्यांची सूनही त्यांना तिथेच सापडली. उचिकाके शेवटचं घातलं होतं ते तिनेच.

हे कन्नो-सानना सांगावं की नाही, यावर प्रणिता आणि विश्वजित बराच वेळ बोलत बसले. विश्वजितचं म्हणणं, परत आलेल्या मालाचे निरोप मी वर्षभर पोचवलेत, आता हा तरी तू नको पोचवूस. पण प्रणिताला लपवणं पटेना. तिने सगळं सांगितलं, फडक्याचंही. कन्नो-साननी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी येते, मलाच ते वस्त्र बघायचं आहे.

डिसेंबरात, वस्तीच्या लोकांना दिलेल्या तात्पुरत्या घरांच्या मधल्या सभागृहात सगळे जमले. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. मधल्या टेबलावर उचिकाके पसरलं होतं. प्रणिताने ते महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात भिजवून भिजवून बिनमिठाचं केलं होतं. भोवती बहुतेक म्हाताऱ्या बायका, मागे काही पुरुष. कन्नो-सान टेबलाशी गेल्या, वाकून वस्त्राला नमस्कार केला आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग जे कोणी उच्चारत नव्हतं ते त्याच बोलल्या.

“हे कापड फुकुशिमाचं आहे. तपासून आणलंय, त्यात काही निघालेलं नाही. तरीही नको असेल तर मी घेऊन जाईन. राग धरणार नाही.”

कुमागाई आजी टेबलाच्या टोकाला खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “तुमचं घर गेलं का?”

“नाही. आहे. भांडी फडताळात आहेत. पण राहता येत नाही.”

आजींनी त्यावर विचार केला. त्यांचं घर होतं तिथे आता नुसता चौथरा होता. त्या म्हणाल्या, “हे जास्त अवघड आहे.”

मग त्यांनी हात पुढे केला. कन्नो-साननी त्यांच्या तळव्यावर कापडाचं एक टोक ठेवलं. आजी वाट बघत राहिल्या, कधी ठेवताय म्हणून. ठेवलंय असं सांगितल्यावर त्यांनी मान खाली घालून पाहिलं, बोटं मिटली, उघडली. शेजारच्या बाईला बोलावून तिच्या हातावर ठेवायला सांगितलं. कापड असं हातोहात टेबलाभोवती फिरलं. मागचे पुरुषही पुढे आले. एकाने तर धुतलेले हात पुन्हा पुसून मगच धरलं.

कापड परत आजींकडे आल्यावर त्यांनी रंगाचं विचारलं. पांढरं नको, एवढं त्यांनी पुन्हा सांगितलं. प्रणिता म्हणाली की पांढरं राहणारच नाही, लाल रंगवायचं आहे, पण कुठलं लाल ते तुम्ही सांगा. समुद्राने आता ठेवलंय ते, की आधीचं? आजी म्हणाल्या की आधीचं आता कुठून दाखवू, ते माझ्या डोळ्यांत आहे फक्त. प्रणिताने बारीक कात्री घेतली आणि खालच्या काठाची शिवण उसवली. आतल्या दुमडीला, जिथे ना ऊन पोचलं होतं ना चिखल, एक चिंचोळी पट्टी जशीच्या तशी होती. पिकलेल्या मिरचीसारखी, किंचित केशरी झाक असलेली लाल. खोलीतल्या सगळ्या बायका एकदम वाकल्या.

“हाच,” आजी म्हणाल्या. “मी नावेतून आले तेव्हा ऊन होतं. असाच दिसत होता.”

पलीकडच्या खाडीतल्या गावातून त्यांना नवरी करून नावेतून आणलं होतं, ते त्या मग सांगत बसल्या. वस्त्राला पाणी लागू नये म्हणून सासऱ्यांनी स्वतःचा रेनकोट पसरून त्यावर त्यांना बसवलं होतं. उतरताना बाही नावेच्या खिळ्याला अडकली आणि फाटली, आणि लग्न लागेपर्यंत त्या ती फाटकी बाही मुठीत धरून उभ्या होत्या. प्रणिताने डाव्या बाहीवर तो जुना रफू आधीच बघितला होता. कोणाचा म्हणून तिने विचारलं, तर आजी म्हणाल्या, सासूबाईंचा.

त्यानंतर कोणी हरकत घेतली नाही. रंगवायला प्रणिताने क्योतोच्या एका रंगाऱ्याची मदत घेतली. रेशमातला डिंक थोडासा राखून त्याने ते उकळलं, म्हणजे मऊही पडेल आणि आकारही धरेल. लाल नेमकं जमेपर्यंत तुकड्यामागून तुकडे झाले. मग टाके घालायचं काम सुरू झालं आणि ते पुढचं सगळं वर्ष चाललं. महिन्यातले काही दिवस प्रणिता शाळेत राहायची. धागा वेगळा आणलाच नाही, त्याच कापडाच्या कडेतून एकेक तंतू ओढून घेतला. सुईत ओवलेला तो तंतू तिला स्वतःलाच दिसायचा नाही. टाका घट्ट ओढला तर जुनं रेशीम तुटेल, सैल राहिला तर पकडणार नाही. ओइकावा-सान शेजारी दिवा धरून उभे राहायला शिकले, आणि दिवा कुठल्या कोनात हवा ते तिने सांगायच्या आधीच त्यांना कळायला लागलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत अक्षया बरोबर असायची. ती कुमागाई आजींच्या मागे मागे फिरायची आणि रात्री आईला तिकडच्या बोलीत उलट उत्तरं द्यायची.

मधे एकदा प्रणिताला आपण अडकलो असं वाटलं. मोठ्या बगळ्याच्या पंखावर वर्ख इतका सैल झाला होता की कापड अंथरतानाच तो उडेल अशी भीती होती. तिने कन्नो-सानना बोलावलं. कन्नो-साननी कापड दोन्ही हातांच्या बोटांवर पेललं, श्वास रोखला आणि खाली सोडलं. सोडलं म्हणजे फक्त बोटं काढून घेतली. कापड इतक्या हळू उतरलं, आणि आधी मध्यावर टेकून मग कडांना पसरत गेलं, की वर्खाचा एक कणही हलला नाही. ओइकावा-सान दिवा धरायचं विसरून बघत राहिले होते.

२०१४ च्या एप्रिलमध्ये गावाने उंचावरच्या नव्या जागेत एक छोटं सभागृह उघडलं आणि तिथे उचिकाके मांडलं. आता ते कोणाला घालता येणार नव्हतं, हे सगळ्यांना आधीच सांगून झालं होतं. बाह्या पसरून, थोड्या उतरत्या फळीवर ते ठेवलं होतं. बगळ्यांच्या अंगावरचे लाल डाग तसेच ठेवले होते. ते काढू नका, असं बायकांनीच सांगितलं होतं.

कन्नो-सान पहाटेच्या गाडीने आल्या. लोक यायच्या आधी त्यांना बघायचं होतं. त्या समोर उभ्या राहिल्या, मग जवळ गेल्या, मग आणखी जवळ. चष्मा काढून पुसला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. शेवटी त्यांनी प्रणिताला विचारलं, “घातलंय ना?”

प्रणिताने मान डोलावली, पण कुठे ते सांगितलं नाही. कन्नो-सान गुडघ्यांवर बसल्या आणि गाल जवळजवळ जमिनीला लावून खालून वर बघायला लागल्या. तेवढ्यात कोणीतरी दार सरकवलं, सकाळचा उजेड आडवा आत आला आणि काठाजवळ एका ठिकाणी लाल रंगावरून एक अगदी फिकी लकेर सरकली आणि विझली. कन्नो-सान तशाच बसून राहिल्या. मग उठून गुडघे झटकले आणि म्हणाल्या की चांगलं झालंय. त्या क्वचितच असं म्हणत, हे प्रणिताला आता ठाऊक होतं.

दुपारपर्यंत गर्दी झाली. कुमागाई आजींनी वस्त्राशेजारी खुर्ची मांडून घेतली होती. येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या कुठल्या वर्षी कोण ते घालून आली ते सांगत होत्या, आणि बाया आपापल्या सासवांची, नणंदांची नावं त्यात भरत होत्या. आपल्या सुनेचं नाव त्या इतरांसारखंच घेत होत्या, तिच्या जागी, तिच्या वर्षी. एक तरुण मुलगी आपल्या ठरलेल्या नवऱ्याला घेऊन आली होती. दोघं बराच वेळ वस्त्रासमोर उभी होती.

कन्नो-सानना परत जायची घाई होती. एका संग्रहालयाने जुन्या पडद्यांसाठी तेच तीन झोपांचं कापड मागितलं होतं आणि ताणा मागावर चढलेला होता. विश्वजितने त्या मागणीचा निरोप स्वतः गिरणीत जाऊन दिला होता, फोन न करता. आजींनी कन्नो-सानच्या हातात वाळवलेल्या समुद्रशेवाळाची पिशवी कोंबली, या वर्षीची पहिली, म्हणून सांगितलं. आमच्याकडे अजून काही पिकत नाही, परतफेड करता येणार नाही, असं कन्नो-सान म्हणाल्या. आजींनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

बसला अजून वेळ होता. प्रणिता बाहेर थांबू या म्हणाली, पण कन्नो-सान चपला काढून पुन्हा आत गेल्या. कुमागाई आजींनी शेजारची खुर्ची पुढे ओढली, त्यावर हाताने थोपटलं, आणि पुढच्या बाईला सांगायला सुरुवात करताना आधी त्यांच्याकडे बोट करून म्हणाल्या, “हे यांनी विणलंय. दिसत नाही, पण आहे.”